शिंक, शकुन आणि आशीर्वाद

साप्ताहिक शास्त्रपाठ

वाचनभाग : २ राजे ४:१८-३७. सोबत वाचावे : रूथ २:१-४, उपदेशक ११:१-६, १ करिंथ १०:२३-३३.
पाठ करण्याचे वचन : स्तोत्रसंहिता ३१:१५.



ह्या आठवड्याच्या पाठाचा विषय पाहून कित्येक वाचकांस हसू येईल. शिंकेसारख्या क्षुल्लक गोष्टीवर शास्त्रपाठ तो काय लिहावयाचा, असे त्यांस वाटेल. परंतु नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत जे सुवार्तिक व शिक्षक काम करितात, त्यांस ही गोष्ट क्षुल्लक नाही हे ठाऊक आहे. मनुष्य बाप्तिस्मा घेतो, घरातील देव्हारा काढतो, रविवारी उपासनेस येतो, गाणी गातो. पण गावास निघताना मागून कोणी शिंकले की त्याचा उचललेला पाय आपोआप मागे येतो. मुखाने तो काही बोलत नाही. मात्र मनात जुने भय जागे होते. असे भय मोठ्या संकटात कमी व अशा बारीकसारीक गोष्टींत अधिक लपून राहते. म्हणून बारीक गोष्टींचाही विचार करणे अगत्याचे आहे.

ह्या विषयाला दुसरीही एक बाजू आहे. शिंक आली असता जवळच्या माणसाने चांगला शब्द बोलावा अशी रीत पुष्कळ लोकांत आहे. लेकरू शिंकले की आई “शतंजीव” म्हणते, आजी “औक्षवंत हो” म्हणते. ख्रिस्ती मनुष्याने असा शब्द बोलावा की न बोलावा? कोणी आपल्यास बोलला तर घ्यावा की नाकारावा? शकुन टाकताना आशीर्वादही टाकून द्यावयाचा काय? ह्या प्रश्नांचे उत्तर आपण आज शास्त्राच्या प्रकाशात शोधू.

१. शूनेम गावची आई

पवित्र शास्त्रात शिंकेचा उल्लेख फारच थोड्या ठिकाणी आहे. त्यांतील मुख्य ठिकाण म्हणजे आजचा वाचनभाग होय. शूनेम गावी एक भली बाई राहत होती. ती संदेष्टा अलीशा ह्यास आपल्या घरी उतरावयास जागा देत असे. तिला देवाने पुत्र दिला. मुलगा थोडा मोठा झाल्यावर सुगीच्या दिवसांत तो शेतात बापाकडे, कापणी करणाऱ्यांजवळ गेला. तेथे त्याचे डोके दुखू लागले. गड्याने त्याला उचलून घरी आणिले. दोन प्रहरपर्यंत तो आईच्या मांडीवर होता व मग मरण पावला. चैत्र-वैशाखाच्या उन्हात राबणाऱ्या आपल्या मराठवाड्यातील आईबापांस ह्या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता ती आई काय करिते हे नीट पाहा. तिने मुलास संदेष्ट्याच्या बिछान्यावर निजविले, गाढवी मागविली व कर्मेल पर्वताकडे निघाली. नवऱ्याने विचारिले की आज अमावास्येनंतरचा पहिला दिवस नाही, शब्बाथही नाही, मग आजच का जातेस? म्हणजे दिवसवाराचा प्रश्न त्या घरातही निघाला. परंतु त्या बाईने वार पाहिला नाही, वेळ पाहिली नाही. सर्व ठीक आहे एवढे बोलून ती निघाली व वाटेत थांबली नाही. तिला देवाच्या माणसापर्यंत पोहोचावयाचे होते.

अलीशाने प्रथम आपला चाकर गेहजी ह्याला काठी देऊन पुढे पाठविले. वाटेत कोणास सलाम करू नकोस आणि कोणी केला तर उत्तर देऊ नकोस, असे त्याने त्यास बजाविले. सलाम करणे वाईट म्हणून नव्हे. घरात मूल मेलेले होते, म्हणून. गेहजीने काठी मुलाच्या तोंडावर ठेविली, पण काही झाले नाही. मग अलीशा स्वतः आला. त्याने दार लावून प्रार्थना केली. तो मुलावर ओणवा पडला. तोंडास तोंड, डोळ्यांस डोळे, हातांस हात लाविले. मुलाचे अंग ऊबदार झाले. अलीशा उठून घरात येरझारा घालू लागला व पुन्हा तसाच ओणवा पडला. तेव्हा ते मूल सात वेळा शिंकले आणि त्याने डोळे उघडिले.

वाचकहो, त्या घरात ती शिंक कोणत्या कानांनी ऐकिली गेली असेल ह्याचा विचार करा. “अपशकुन झाला, थांबा” असे तेथे कोणी म्हणाले काय? नाही. ती शिंक म्हणजे श्वास परत आला ह्याची खूण होती. उत्पत्तीच्या पुस्तकात (२:७) देवाने माणसाच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकिला असे सांगितले आहे. तोच श्वास ह्या मुलाच्या नाकातून पुन्हा वाजता झाला. आपल्या गावांत ज्या आवाजाने पाय थबकतो, तोच आवाज त्या आईला जगातील सर्वांत गोड वाटला असला पाहिजे.

२. शकुनाचे भय

आपल्याकडे शिंकेविषयी काय समजतात हे सर्वांस ठाऊक आहे. कामास निघताना, सोयरिकीची बोलणी चालू असताना, पेरणीसाठी तिफण जुंपताना कोणी शिंकले तर लोक थांबतात. घटकाभर बसून, घोटभर पाणी पिऊन मग निघतात. एक शिंक वाईट, पण लागोपाठ दोन झाल्या तर दोष गेला, असेही कित्येक मानतात. काम बिघडले की “माशी शिंकली” म्हणावयाची तर आपल्या भाषेतच रूढी पडली आहे.

ही समजूत खरी असती तर सर्व देशांत एकच असती. परंतु तसे नाही. झेनोफन नावाच्या ग्रीक लेखकाने आपल्याच आयुष्यातील एक प्रसंग लिहून ठेविला आहे. ख्रिस्तपूर्व ४०१ साली तो परमुलखात अडकलेल्या ग्रीक सैनिकांपुढे बोलत होता व आपण सुखरूप सुटू अशी आशा त्यांस देत होता. इतक्यात एक शिपाई शिंकला. त्यासरशी सर्व सैन्याने आपल्या देवास नमन केले, कारण ग्रीकांच्या समजुतीप्रमाणे तो शुभशकुन होता! ज्या शिंकेने ग्रीक शिपायास धीर आला, त्याच शिंकेने आपल्या शेतकऱ्याचा धीर सुटतो. मग शिंकेत सामर्थ्य कोठले? सामर्थ्य आहे ते माणसाच्या समजुतीत.

आणखी सोपी परीक्षा पाहा. चिमूटभर तपकीर ओढली की कोणीही शिंकतो. मिरच्या कांडताना खकाणा उडाला की घरातील सर्व माणसे शिंकतात. खळ्यावर ज्वारी उपणताना किंवा लातूरच्या डाळीच्या गिरणीत तूर भरडली जात असताना धुळीने मजुरांस दिवसभर शिंका येतात. त्या प्रत्येक शिंकेने कोणाचे ना कोणाचे काम बिघडावयाचे असते, तर लातूरच्या बाजारात एकही पोते विकले गेले नसते. तपकिरीच्या चिमटीने देवाची योजना फिरते असे मानणे म्हणजे देवास त्या चिमटीपेक्षा हलका समजणे होय.

शास्त्राची आज्ञा ह्याविषयी स्पष्ट आहे. लेवीय १९:२६ व अनुवाद १८:१०-१४ ह्या ठिकाणी देवाच्या लोकांस शकुन पाहण्याची मनाई केली आहे. इतर राष्ट्रे ज्या चिन्हांस घाबरतात त्यांस तुम्ही घाबरू नका, असा यिर्मयाच्या १० व्या अध्यायातील बोध आहे. उपदेशकाच्या पुस्तकात तर शेतकऱ्याचाच दाखला आहे. जो वारा पाहत बसतो त्याची पेरणी होत नाही व जो ढग पाहत बसतो त्याची कापणी होत नाही, असा त्याचा आशय आहे (११:४). मृगाचा पाऊस पडून वाफसा आला असता शिंकेपायी तिफण उभी ठेवणाराचे नुकसान शिंक करीत नाही, त्याचे थांबणे करिते.

येथे कोणी विचारील, “संकटाची आगाऊ सूचना मिळाली तर घेऊ नये काय?” अवश्य घ्यावी, पण खऱ्या सूचनेस ओळखावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने कोसळली. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते व गावे गाढ झोपेत होती. हजारो माणसे मेली. कोणत्याही शिंकेने, घुबडाने वा पंचांगाने त्या गावांस सावध केले नव्हते. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील जड माळवदे अंगावर पडून बहुतेकांचा अंत झाला. म्हणजे सावध होण्यासारखी गोष्ट शकुनात नव्हती, घराच्या बांधणीत होती. पुढे जी नवी घरे बांधिली ती भूकंपाचा धक्का सोसतील अशा रीतीने बांधिली. ही खरी सावधगिरी. आणि त्या पहाटेनंतर ढिगाऱ्यांतून माणसे काढावयास दूरदूरच्या गावांहून जे लोक धावून आले, त्यांपैकी कोणी निघताना मागे शिंक झाली म्हणून घरी बसला असता, तर त्यास आपण काय म्हटले असते?

३. दोष कोणाच्या माथी येतो?

शकुनाच्या समजुतीत भ्रम आहे, एवढेच सांगून आम्हांस थांबावयाचे नाही. तीत अन्यायही आहे आणि आमच्या मते तीच ह्या पाठातील मुख्य गोष्ट आहे. शिंकेला अपशकुन म्हटले म्हणजे शिंकणारा मनुष्य अपशकुनी ठरतो. घरधनी स्वतः शिंकला तर लोक बहुधा हसून सोडून देतात. परंतु दारातील विधवा शिंकली, नवी सून शिंकली, चाकरीचा पोरगा शिंकला, तर सर्व डोळे तिकडे वळतात. पुढे काम बिघडले की त्याचा दोष बिचाऱ्याच्या नाकावर येतो. शिंक मनुष्याच्या हातची नाही. तरी तिच्यासाठी त्याला शिव्या खाव्या लागतात.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या वाडवडिलांनी हे दुःख दुसऱ्या रूपाने भोगिले आहे. त्यांची सावली पडली तर विटाळ मानीत. ते सकाळी समोर आले तर दिवस वाईट गेला म्हणत. त्यांनी काही केले होते म्हणून नव्हे. ते होते, एवढाच त्यांचा अपराध. ख्रिस्ताच्या मंडळीत त्यांस प्रथम कोणी भाऊ म्हटले, त्यांच्या हातचे पाणी घेतले, त्यांस एका पंक्तीस बसविले. ज्या घराण्याने सावलीचा विटाळ सोसिला, त्या घराण्यातील माणसाने आपल्या सुनेच्या शिंकेचा विटाळ मानावा, ही किती दुःखाची गोष्ट आहे! जो जाच आपल्यावरून देवाने काढिला, तोच जाच आपण दुसऱ्या दुबळ्या जिवावर लादावा काय?

ही भीती सुशिक्षितांतही नव्या वेषाने येते हे आपण २०२० साली पाहिले. कोरोनाच्या साथीत अंतर ठेवणे, तोंड झाकणे हे योग्यच होते. पण कित्येक ठिकाणी शिंकणाऱ्या माणसाकडे चोराकडे पाहावे तसे पाहू लागले. आजारातून उठलेल्यास व शहरातून परतलेल्या मजुरास गावात घेईनात. रोगापासून जपणे वेगळे आणि रोग्यास टाकणे वेगळे. आपल्या प्रभूने कुष्ठरोग्यास हात लाविला, हे त्या दिवसांत कितीजणांस आठवले?

४. शिंक म्हणजे काय?

लहान मुलांस व साध्या माणसांस समजेल असे शिंकेचे कारण सांगता आले पाहिजे. कारण रिकाम्या जागी भय पुन्हा येऊन बसते. देवाने आपल्या नाकाच्या आतून एक ओलसर, नाजूक त्वचा बसविली आहे. धूळ, तिखटाचा कण, धूर किंवा पडशाची सूज तिला टोचू लागली की तेथील मज्जातंतू मेंदूस खबर देतो. मग छाती खोल श्वास घेते, डोळे मिटतात व आतील हवा मोठ्या जोराने नाकातोंडावाटे बाहेर पडून तो कण झटकून टाकिते. कित्येकांस सावलीतून एकदम उन्हात आल्यानेही शिंक येते. तात्पर्य, शिंक ही शरीराच्या दारावरील राखणदार आहे. राखणदार ओरडला म्हणून घर अशुभ होत नाही.

मात्र ह्या वाऱ्याबरोबर थुंकीचे व शेंबडाचे असंख्य बारीक तुषार बाहेर पडतात. मनुष्य आजारी असेल तर त्यांतून रोगाचे जंतू दुसऱ्यास जातात. १९१८ साली इन्फ्ल्युएंझाची साथ जून महिन्यात मुंबईस आली आणि वर्ष संपेपर्यंत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. तो रोग असल्याच तुषारांनी पसरत होता. म्हणून शिंकताना रुमाल, पदर किंवा हाताचे कोपर तोंडापुढे धरावे, माणसांकडे तोंड करू नये, नंतर हात धुवावे. प्रभुभोजनाच्या मेजाजवळ सेवा करणाऱ्यांनी व शाळेत मुलांस शिकविणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी व औषध तेथे फुकट मिळते. शिंकेपासून खरे भय कोणते व त्यावर उपाय कोणता, हे ज्यास समजले त्याचे खोटे भय लवकर सुटते.

५. चांगला शब्द

आता आशीर्वादाकडे येऊ. शिंकणाऱ्याचे बरे चिंतण्याची रीत फार जुनी व फार पसरलेली आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी ह्याने आपल्या ग्रंथात, शिंकणाऱ्यास आपण सलाम का करितो, असा प्रश्न विचारिला आहे. इंग्रज लोक “देव तुझे बरे करो” अशा अर्थाचे शब्द बोलतात. जर्मन लोक नुसते “आरोग्य” म्हणतात. रोम शहरात ५९० साली मोठी मरी आली असता ग्रेगरी नावाच्या धर्माध्यक्षाने ही रीत पाडिली अशी एक आख्यायिका आहे. पण प्लिनीचा काळ पाहता रीत त्याहून जुनी आहे हे उघड आहे. यहूदी लोकांत एक दंतकथा आहे की पूर्वी मनुष्य आजारी न पडता एकदाच शिंकून मरत असे. याकोबाने देवाची विनवणी केली, तेव्हापासून मरणापूर्वी आजार येऊ लागला व शिंकणाऱ्यास लोक “जीवन” असे म्हणू लागले. ही शास्त्रातील गोष्ट नव्हे, पण शिंक ऐकून माणसास जीवन व मरण ही दोन्ही आठवतात हे तिच्यावरून दिसते.

आपल्या शेजाऱ्यांकडेही पाहू. मराठवाड्यात मुसलमान बांधव पुष्कळ आहेत. त्यांच्यात शिंकणारा मनुष्य प्रथम स्वतः “अल्हम्दुलिल्लाह” म्हणजे देवाची स्तुती असो, असे म्हणतो. ऐकणारा “यर्हमुकल्लाह” म्हणजे देव तुझ्यावर दया करो, असे उत्तर देतो. मग शिंकणारा त्याच्यासाठी देवाजवळ चांगला मार्ग मागतो. एका शिंकेवरून तीन वेळा देवाचे स्मरण होते. आपण रोज किती श्वास घेतो आणि त्यांसाठी किती वेळा आभार मानितो, असा प्रश्न ही रीत पाहून आपल्यास पडावा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धर्म स्वीकारिल्यापासून आपल्या गावांत बौद्ध शेजारीही पुष्कळ आहेत. त्यांच्या पाली ग्रंथांत, विनयपिटकात, शिंकेविषयी एक बोधप्रद कथा आहे. गौतम बुद्ध उपदेश करीत असता त्यांस शिंक आली. भिक्षूंनी “दीर्घकाळ जगा” असा एकच गलका केला व उपदेशात खंड पडला. तेव्हा बुद्धांनी विचारिले की असे म्हटल्याने कोणी जगतो किंवा न म्हटल्याने मरतो काय? नाही, असे उत्तर आल्यावर त्यांनी तसे म्हणण्याची मनाई केली. पुढे एक भिक्षू शिंकला असता गृहस्थ लोकांनी त्यास आशीर्वाद दिला. भिक्षू नियमाच्या भयाने गप्प राहिला. लोकांस ते उद्धटपणाचे वाटले. हे कळल्यावर बुद्धांनी, लोक असे बोलले तर “तुम्हीही चिरकाळ जगा” असे उत्तर देण्यास परवानगी दिली. भ्रम मान्य केला नाही, पण शेजाऱ्याचे मनही मोडिले नाही.

आपल्या शास्त्रात हाच विवेक प्रेषित पौलाने करिंथकरांस शिकविला आहे. कोणी विश्वास न ठेवणाराने जेवावयास बोलाविले तर जे वाढतील ते खा, उगाच चौकशी करीत बसू नका. पण दुसऱ्याच्या विवेकास ठेच लागत असेल तर सोडा (१ करिंथ १०:२७-२९). ह्याच नियमाने, शेजारीण प्रेमाने “शतंजीव” म्हणाली तर तिला वाद घालून लाजवू नये. तिचे प्रेम घ्यावे व “देव तुमचेही बरे करो, आत्याबाई” असे उलट म्हणावे. शब्दात मंत्र आहे असे आपण मानीत नाही. पण शब्दामागे माया आहे हे आपण कसे नाकारावे?

बवाजाचे उदाहरण तर आपल्या शेतकरी मंडळ्यांसाठीच लिहिल्यासारखे आहे. तो बेथलेहेमाहून शेतात आला तेव्हा त्याने कापणी करणाऱ्या मजुरांस प्रथम परमेश्वराच्या नावाने नमस्कार केला आणि मजुरांनीही त्यास परमेश्वराच्या नावाने आशीर्वाद दिला (रूथ २:४). धनी व मजूर, दोघांच्या तोंडी एकच देव! आणि त्याच शेतात परमुलखातील विधवा रूथ सरवा वेचीत होती. लोकांच्या दृष्टीने ती अपशकुनी ठरावयाची. बवाजाने मात्र तिला आपुलकीने वागविले. ज्याच्या तोंडी खरा आशीर्वाद असतो त्याच्या शेतात विधवेस जागा असते.

६. सुवार्तिकाने काय करावे?

अशी कल्पना करा की एक सुवार्तिक एका घरी बसला आहे. शेजारच्या वस्तीवरील म्हातारा फार आजारी असल्याचा निरोप येतो. सुवार्तिक उठतो, इतक्यात घरातील सून शिंकते. सासू म्हणते, “मास्तर, घडीभर टेका बगा. सूनबाई शिंकली.” सून खाली मान घालून उभी राहते.

येथे तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे, म्हातारीचे मन राखण्यासाठी बसणे. तसे केले तर भयाला मंडळीची संमती मिळते आणि तिकडे म्हाताऱ्याचा प्राण जातो. दुसरी म्हणजे, “अडाणी बाई” असे हसून निघून जाणे. कित्येक तरुण सुवार्तिकांस ही वाट शौर्याची वाटते. पण तिने सासू दुखावते व तिचा राग मागाहून सुनेवरच निघतो. तिसरी वाट ही की सुवार्तिकाने नम्रपणे म्हणावे, “आक्का, सूनबाईला पडसं झालंय. तिला आल्याचा काढा करून द्या, आज पाण्यात काम करू देऊ नका. लेकी, देव तुला बरं करो. आम्हाला मात्र जाऊ द्या. तिकडं वाट बघत असतील.” ह्या पाच वाक्यांत शकुन मोडला जातो, सून दोषातून सुटते, सासूचा मान राहतो आणि आजारी म्हाताऱ्यास मदत वेळेवर पोहोचते.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. याकोबाच्या पत्रात (२:१५-१६) उघड्याला ऊब घे व उपाशाला तृप्त हो असे नुसते सांगणाऱ्याची कानउघाडणी केली आहे. शिंकणाऱ्यास “देव बरे करो” म्हणावे आणि त्यास ताप आहे की नाही हे पाहू नये, ह्याला आशीर्वाद म्हणत नाहीत. आपल्या हाताने होण्यासारखे जे असेल ते आपण केले पाहिजे. शिवाय ज्या तोंडाने आपण सभेत आशीर्वाद देतो त्याच तोंडाने घरी सुनेला अपशकुनी म्हणू नये. एकाच मुखातून आशीर्वाद व शाप निघणे योग्य नव्हे, असे त्याच पत्रात पुढे (३:९-१०) लिहिले आहे.

ज्यांच्या मनात अजून भय आहे, अशा दुर्बळ बंधूंवर आम्ही रागावत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एका दिवसात जात नाही. त्यांस आम्ही एवढेच सुचवितो की पुढच्या वेळी मागून शिंक ऐकू आली म्हणजे पाय मागे घेऊ नका. तेथेच मनात दोन शब्दांची प्रार्थना करा. “हे प्रभो, माझे दिवस तुझ्या हाती आहेत” असे म्हणून ज्याला शिंक आली त्याच्यासाठी देवाजवळ आरोग्य मागा व चालू लागा. असे काही महिने केले असता तीच शिंक तुम्हांस भयाच्या ऐवजी प्रार्थनेची आठवण करून देऊ लागेल. शूनेमच्या आईस ती जीवनाची खूण झाली, तुम्हांसही होईल.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. शूनेमच्या बाईस तिच्या नवऱ्याने कोणता प्रश्न विचारिला? तिने वार का पाहिला नाही?
२. अलीशाने गेहजीस वाटेत सलाम न करण्यास का सांगितले? नमस्कार केव्हा करावा व केव्हा घाई करावी?
३. आपल्या गावात शिंकेविषयी काय मानितात? त्यामुळे कोणास दोष लागतो?
४. किल्लारीच्या भूकंपावरून खऱ्या सावधगिरीविषयी काय शिकावे?
५. शेजाऱ्याने आपल्या रीतीने आशीर्वाद दिला तर ख्रिस्ती मनुष्याने काय उत्तर द्यावे? १ करिंथ १० च्या आधारे सांगा.
६. ह्या आठवड्यात आपल्या घरातील किंवा वस्तीतील कोणा आजारी माणसास भेटून काय मदत कराल, ते प्रत्येकाने सांगावे.

प्रार्थना

हे जीवनदात्या परमेश्वरा, आमच्या नाकपुड्यांतील श्वास तुझा आहे. खोट्या भयापासून आम्हांस सोडीव. आमच्या घरात कोणीही अशुभ गणिले जाऊ नये असे कर. आमच्या तोंडी शेजाऱ्यासाठी चांगला शब्द दे व त्या शब्दाप्रमाणे वागण्यास आमचे हात तयार कर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.